गेट लवकर बंद केल्याने परिसर सुरक्षित होत नाही

कॉलेजात किंवा विद्यापीठात छेडछाडीचा, चोरीचा एखादा प्रकार बाहेर आला की पाठोपाठ तीन निर्णय होतात. मुलींच्या वसतिगृहाचं गेट तासभर आधी बंद होतं, आणखी कॅमेऱ्यांची निविदा निघते आणि ओळखपत्राशिवाय आत सोडायचं नाही असं परिपत्रक लागतं. हे निर्णय एका बैठकीत घेता येतात, पालकांना आणि पत्रकारांना लगेच सांगता येतात. पण प्रकार ज्या वाटेवर आणि ज्या वेळी घडला, ती वाट आणि ती वेळ जशीच्या तशी राहते. परिसर सुरक्षित ठेवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. ती विद्यार्थिनींच्या वेळेवर बंधन घालून पार पडत नाही, उलट त्याने गुन्हे लपतात, एवढंच इथे नीट मांडायचं आहे.

खानदेशात हा प्रश्न मुंबई-पुण्यासारखा नाही. आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्याचा परिसर जळगाव शहराबाहेर, बांभोरीजवळ, गिरणेच्या बाजूला आणि राष्ट्रीय महामार्गाला लागून. तालुक्यांतली अनेक कॉलेजंही अशीच गावाच्या कडेला आहेत, कारण जागा तिथे मिळाली. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेली मुलं आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात किंवा चौघांत रूम करून राहतात. यावल, रावेर, चोपड्याकडची कितीतरी मुलं रोज एसटीने किंवा काळी-पिवळीने ये-जा करतात. त्यामुळे सुरक्षेचा विचार कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबला तर निम्मा धोका भिंतीबाहेर राहतो: गेट ते फाटा, फाटा ते गाव, आणि तिन्हीसांजेला दोन्ही बाजूंनी उंच केळी असलेला गावरस्ता.

१९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी एक साधी मांडणी केली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी जमाव्या लागतात: करायची तयारी असलेला माणूस, त्याला सापडेल अशी व्यक्ती किंवा वस्तू, आणि अडवू शकेल अशा कुणाचाही अभाव. पहिल्याला आधी ओळखता येत नाही. दुसऱ्याला घरात कोंडणं म्हणजे शिक्षणच बंद करणं. तिसरी गोष्ट मात्र संस्थेच्या हातात आहे. अडवणारा माणूस गणवेशातलाच हवा असं नाही. गेटबाहेरचा चहावाला, झेरॉक्सवाला, रात्री दहापर्यंत उघडी असलेली अभ्यासिका, ग्राउंडवर खेळणारी पोरं, हे सगळे अडवणारेच. एखादा प्रकार घडला की अतिक्रमण म्हणून टपऱ्या उठवल्या जातात आणि त्या रस्त्यावर रात्री जे चार डोळे होते तेही जातात. टपरी हटवायचीच असेल तर तिच्या जागी उशिरापर्यंत उघडं राहणारं कॅन्टीन आधी सुरू करावं.

आता दिव्यांकडे येऊ. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच आहे. परिसरात दिवे किती यापेक्षा दोन खांबांच्या मध्ये काय दिसतं हे महत्त्वाचं. एका खांबाखाली लख्ख उजेड आणि पुढे तीस पावलं काळोख, ही रचना मंद पण सलग उजेडापेक्षा वाईट, कारण लख्ख उजेडातून बाहेर पडलेल्या डोळ्यांना अंधारात सरावायला वेळ लागतो आणि अंधारात उभ्या असलेल्याला मात्र येणारी व्यक्ती स्पष्ट दिसते. तपासायची कसोटी सोपी आहे: पायवाटेवर समोरून येणाऱ्याचा चेहरा निदान दहा मीटरवरून ओळखू आला पाहिजे. वाहनांच्या रस्त्यासाठी लावलेले आठ-नऊ मीटर उंच खांब पायवाटेला उपयोगाचे नसतात. कडुनिंबाच्या फांद्या दिव्याच्या खाली येतात आणि सगळा प्रकाश पानांवर पडतो. पायवाटेला चार-पाच मीटर उंचीचे दिवे जवळजवळ लावावे लागतात.

आपल्याकडे यात ऋतू येतो. पावसाळ्यानंतर गाजर गवत आणि तरवड कमरेच्या वर जातात, ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजते, आणि मे महिन्यात मोकळी दिसणारी वाट सप्टेंबरात बोगद्यासारखी होते. नियम एवढाच पाळायचा: वाटेच्या दोन्ही बाजूंना काही मीटरपर्यंत झुडूप तीन फुटांच्या वर नको आणि झाडाची फांदी सात फुटांच्या खाली नको. मधली चार फुटांची पट्टी मोकळी राहिली की माणूस लपत नाही. झाड तोडायची गरज पडत नाही. हे काम वर्षातून दोनदा, ऑगस्टअखेर आणि दिवाळीच्या सुट्टीत, वेळापत्रकात लिहून ठेवलं तरच होतं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला प्रॅक्टिकल संपवून निघालेल्यांना वाटेतच अंधार गाठतो.

दिव्यांच्या देखभालीत नेहमी फसतं ते असं. विद्यार्थी सांगतात, 'लायब्ररीच्या मागचा दिवा बंद आहे.' वायरमन जातो दुपारी, तेव्हा कुठला बंद हे कळत नाही, आणि तक्रार तशीच राहते. प्रत्येक खांबावर ठळक नंबर रंगवा, त्याच्यासोबत तक्रारीचा फोन नंबर लिहा, आणि ४८ तासांत दिवा लागला की नाही याची वही ठेवा. महिन्यातून एकदा अमावस्येच्या आसपास, चांदणं नसताना, संध्याकाळी सात ते नऊ या वेळात परिसराची फेरी व्हावी. फेरीत कुलसचिव कार्यालयाचा एक माणूस, विद्युत विभागाचा एक, सुरक्षा प्रमुख आणि निदान निम्म्या विद्यार्थिनी असाव्यात. कुठे पाय अडखळतो आणि कुठे पावलं आपोआप भरभर पडतात हे त्याच सांगू शकतात. नकाशावर खुणा करायच्या आणि पुढच्या महिन्यात त्याच खुणा हातात घेऊन पुन्हा फिरायचं.

वेळापत्रक हा सुरक्षेचा भाग मानलाच जात नाही. समजा प्रॅक्टिकल साडेपाचला सुटलं, गावाकडची एसटी सव्वापाचला निघून गेली आणि पुढची सातला आहे. मग दीड तास महामार्गाच्या कडेला उभं राहणं हे त्या मुलीच्या नशिबी कोणी लिहिलं? वेळापत्रक करणाऱ्याने. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. मुलींना एसटीने येणं परवडतं, प्रश्न वेळेचा आणि थांब्याचा उरतो. प्रत्येक विभागाने जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या गावांची आणि त्यांच्या शेवटच्या दोन गाड्यांची यादी करावी आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस त्यानुसार पाडाव्यात. लांबच्या गावांची बॅच दुपारी, शहरातल्यांची संध्याकाळी. याला एक रुपया लागत नाही. दुसरीकडे आगार व्यवस्थापकांना प्राचार्यांनी लेखी द्यावं: इतके विद्यार्थी, अमुक मार्ग, अमुक वेळ. तोंडी विनंतीवर फेरीची वेळ बदलत नाही, पासधारकांच्या आकड्यावर बदलू शकते. आणि थांबा रस्त्याच्या पलीकडे असेल तर चौपदरी महामार्ग अंधारात पायी ओलांडायला लागतो. छेडछाडीइतकाच हाही जीवाचा धोका आहे आणि त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

वसतिगृहांच्या चोऱ्यांमध्ये खानदेशचा उन्हाळा मोठा वाटेकरी आहे. परीक्षा एप्रिल-मेमध्ये, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला, लाईट गेली की कूलर बंद. मुलं दार-खिडक्या उघड्या टाकून झोपतात किंवा गच्चीवर जातात. मोबाईल खिडकीजवळच्या बोर्डाला चार्जिंगला. पहाटे तीन ते पाच या गाढ झोपेच्या वेळी काठीला आकडा लावून खिडकीतून मोबाईल, पँट, बॅग ओढली जाते. दार लावून झोपा ही सूचना इथे निरुपयोगी आहे. त्या उन्हाळ्यात बंद खोलीत कोणी झोपू शकत नाही. उपाय बांधकामाचा आहे: लाकडी दाराबाहेर आतून कडी लागणारं जाळीचं दार, खिडकीला हात किंवा आकडा जाणार नाही इतकी बारीक जाळी, आणि चार्जिंगचा बोर्ड खिडकीपासून दूरच्या भिंतीवर.

दुसरी चोरी सुट्टीतली. दिवाळी आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खोल्या रिकाम्या पडतात, आणि परत आल्यावर कुलूप शाबूत पण कोयंडा उखडलेला दिसतो. महागडं कुलूप घेऊनही हे होतं, कारण कोयंडा इंचभर स्क्रूने लाकडात बसवलेला असतो. टॉमी घालून एक हिसका दिला की तो स्क्रूसकट बाहेर येतो. कोयंडा दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवावा, नट आतल्या बाजूला असावा आणि मागे पट्टी असावी. एका दाराला जेमतेम अर्ध्या तासाचं काम आहे. भाड्याच्या रूमवर राहणाऱ्यांनी घरमालकाकडे आगाऊ रक्कम देण्याआधी हे पाहून घ्यावं.

मोबाईल गेलाच तर क्रम चुकवू नये. आधी सिम बंद करून त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं, सोबतच बँक आणि यूपीआय बंद करायचं. मग पोलिसांकडे तक्रार, आणि तिची प्रत घेऊन केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) ब्लॉक करायचा. तिथे ओटीपी लागतो, म्हणून चालू सिम हाताशी नसेल तर अर्ज अडतो. आयएमईआय *#०६# डायल केल्यावर दिसतो. तो आजच वहीत लिहून ठेवावा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते गोठवता येतात.

कॅमेऱ्यांचं गणित कोणी करत नाही म्हणून ते इथे मांडतो. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट दराने अखंड रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. सोळा कॅमेऱ्यांचे झाले सुमारे ३४५ जीबी. बहुतेक ठिकाणी रेकॉर्डरमध्ये ४ टीबीची एक हार्ड डिस्क असते. ती साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं आपोआप पुसलं जातं. घाबरलेली विद्यार्थिनी मैत्रिणीशी बोलून, घरी विचारून, धीर करून तक्रार द्यायला पंधराव्या-विसाव्या दिवशी येते. तोपर्यंत चित्रीकरण गेलेलं असतं, आणि 'पुरावा नाही' असा शेरा पडतो. तीस दिवसांचं साठवण हवं असेल तर या हिशोबाने साडेदहा टीबी लागतात. निविदेत कॅमेऱ्यांची संख्या लिहिण्याआधी साठवणीचे दिवस लिहावेत.

दुसरी चूक कॅमेऱ्याच्या जागेची. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात रुंदीच्या एका मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा १,९२० पिक्सेल रुंद चित्र देतो, म्हणजे तो पावणेआठ मीटर रुंदीपर्यंतच चेहरा ओळखण्याजोगा दाखवेल. तोच वीस मीटरच्या गेटसमोर लावला तर कोणीतरी गेलं एवढंच कळतं. त्यातून पंधरा फूट उंचीवर लावला की टोपी आणि रुमाल दिसतो, आणि आपल्या उन्हात प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल असतोच. म्हणून सगळीकडे थोडे-थोडे कॅमेरे लावण्यापेक्षा ये-जा ज्या तीन-चार अरुंद जागांतून होते तिथे डोक्याच्या थोडं वर, नीट लावावेत. काचेवरची धूळ आणि कोळ्याची जाळी महिन्याला पुसावी. रेकॉर्डरचं घड्याळ दर आठवड्याला जुळवावं. दहा मिनिटांचा फरक न्यायालयात आरोपीच्या वकिलाला पुरतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रीकरणासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे पडताळता येईल असा तिचा आकडी ठसा) द्यावं लागतं. हे कोण देणार त्या कर्मचाऱ्याचं नाव आधीच ठरलेलं हवं. पेन ड्राइव्हवर कॉपी करून दिलेली फाईल पुरेशी नाही.

सुरक्षारक्षकांबद्दलही असाच हिशोब आहे. एक जागा आठवडाभर चोवीस तास सांभाळायची म्हणजे १६८ तास. एका माणसाचे ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात, रजा-आजारपण धरून चार. दहा जागांसाठी चाळीस माणसं हवीत आणि कंत्राट वीसचं दिलं, तर बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात, आठवड्याची सुट्टी बुडते आणि पहाटे चारला रक्षक खुर्चीत झोपतो. दोष त्या माणसाचा नाही, कमी दराला कंत्राट मंजूर करणाऱ्याचा आहे. दुचाकी पार्किंगचं टोकन हेच दाखवतं. दिवसभर टोकन काटेकोर तपासलं जातं आणि साडेपाचच्या गर्दीत एकटा रक्षक हात हलवून सगळ्यांना सोडून देतो. चोर नेमका तेव्हाच बाहेर पडतो. त्या अर्ध्या तासापुरते तीन माणसं आणि बाहेर पडायची वेगळी रांग एवढं पुरतं.

इथपर्यंतची कामं दगड-मातीची, तारेची आणि पैशाची आहेत. मन घालून करायचं काम तक्रारीचं आहे.

खानदेशातल्या मुलीला तक्रार करताना छेड काढणाऱ्यापेक्षा घरच्यांची जास्त भीती वाटते. 'उद्यापासून कॉलेज बंद' हे वाक्य तिला माहीत असतं. लहान गाव, सगळे नात्यागोत्यातले, कोणाची पोर ते दुपारपर्यंत कळतं. त्यात संस्थाही प्रत्येक प्रकारानंतर गेटची वेळ आणखी अलीकडे आणत असेल, तर तक्रार करणारी मुलगी आपल्या शंभर मैत्रिणींच्या संध्याकाळी घालवते. मग ती बोलत नाही, तिच्यासोबतच्याही बोलू देत नाहीत. गुन्हे कमी झाले असं कार्यालयाला वाटतं, प्रत्यक्षात फक्त सांगणं बंद झालेलं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २ मे २०१६ रोजी राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या विनियमांत हे स्पष्ट आहे: सुरक्षेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. पुरेसे दिवे, परिसरात भरवशाची वाहतूक आणि महिला सुरक्षा कर्मचारी ही संस्थेची कर्तव्यं म्हणून त्यातच लिहिली आहेत. म्हणजे गेट सातला बंद करणारी आणि रस्त्यावर दिवा न लावणारी संस्था एकाच दस्तऐवजाचा दोनदा भंग करते. पालक म्हणतील, आम्हालाच गेट लवकर बंद हवं. त्यांची काळजी खरी आहे. पण अभ्यासिका रात्री दहापर्यंत मुलांनाच खुली राहिली तर स्पर्धा परीक्षेत मागे कोण राहणार, याचंही उत्तर त्यांना द्यावं लागेल. अभ्यासिका ते वसतिगृह अशी दर अर्ध्या तासाने गाडी आणि सोबत महिला रक्षक, हा पालकांना द्यायचा भरवसा आहे.

त्याच विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समिती असते. अध्यक्षा वरिष्ठ प्राध्यापिका, निदान निम्म्या सदस्या महिला, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांपैकी कोणीही सदस्य असू शकत नाही. प्रत्यक्षात फलकावर बदली होऊन गेलेल्यांची नावं असतात, विद्यार्थी प्रतिनिधींची जागा रिकामी असते, आणि 'अर्ज विभागप्रमुखांमार्फत आण' असं सांगितलं जातं. हे सांगणंच नियमबाह्य आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. सात दिवसांत प्रत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण. घाईने आणि आडव्यातिडव्या पद्धतीने केलेली चौकशी तक्रारदारालाच महाग पडते. गोवा विद्यापीठातल्या २००९ च्या तक्रारींवर झालेली कारवाई सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं, कारण आरोपीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. चौदा वर्षांनी पहिल्यापासून सुरुवात. समितीच्या सदस्यांना दरवर्षी दोन दिवसांचं प्रशिक्षण यासाठी हवं.

रॅगिंगबाबत महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे, म्हणजे आयोगाच्या २००९ च्या विनियमांच्याही आधीचा. संस्थाप्रमुखाने तक्रारीची चौकशी सात दिवसांत करायची आणि टाळाटाळ केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केलं असं मानलं जातं. तरीही तक्रारी दाबल्या जातात. जळगावच्या डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना गेल्या. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे आणि तो खटला न्यायालयात आहे. आपण आधीच तक्रार केली होती, असं त्यांच्या आईने सांगितलं. सातपुड्याच्या पायथ्याची मुलं मोठ्या शहरांत शिकायला जातात आणि आपल्या कॉलेजांतही येतात. त्यांच्या भाषेवरून, आडनावावरून होणारी टिंगल ही रॅगिंगच आहे, थट्टा नाही, हे पहिल्या आठवड्यात वर्गात सांगायला हवं.

पोलिसांकडे जायचं असेल तर हद्द आडवी येऊ नये. गेट एका ठाण्याच्या हद्दीत आणि फाटा दुसऱ्याच्या, हे महामार्गावर नेहमीचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते; ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. प्रत मोफत मिळते. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालचा गुन्हा आहे. तातडीला ११२.

शेवटचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे नोंद उघड करणं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला. आपोआप बंद होणारी दारं कोणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती. परिसरात आधी घडलेल्या गुन्ह्यांची माहिती पालकांना कधी दिलीच नव्हती, हे तिच्या आईवडिलांना नंतर कळलं. त्यांच्या पाठपुराव्याने १९९० साली, आपलं विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, तिथे कायदा झाला. आज त्यात अशी तरतूद आहे: गुन्ह्यांची रोजची नोंदवही खुली ठेवायची आणि तीन वर्षांचे आकडे दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करायचे. आपल्याकडे असा कायदा नाही, पण असा कागद काढायला कोणी अडवलेलंही नाही. बदनामी होईल ही भीती खोटी आहे. ज्या कॉलेजच्या कागदावर सलग पाच वर्षं शून्य आहे, तिथे आपली मुलगी पाठवताना जास्त विचार करावा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अधिसभेची (सिनेटची) बैठक वर्षातून निदान दोनदा होते, आणि वार्षिक अहवाल, अर्थसंकल्प तिच्यासमोर येतात. नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून दिलेले प्रतिनिधी तिथे बसतात. त्यांनी पुढच्या बैठकीत एका पानाची मागणी करावी आणि संलग्न कॉलेजांकडूनही तेच पान मागवावं. त्यावर कोणाचंही नाव नको. रकाने एवढेच: प्रकार, महिना, वेळ, जागा, तक्रार कोणत्या दिवशी आली, निकाल कोणत्या दिवशी लागला, आणि त्या जागेत काय बदल केला. शेवटचा रकाना रिकामा असेल तर त्या जागेसाठी त्याच अर्थसंकल्पात रक्कम धरून घ्यावी.